मोर्चा घरी जातो, लॉबी तिथेच बसते

रविवार, 8 ऑक्टोबर 2023. वस्तीतल्या विहारात आमचा अभ्यासवर्ग सुरू होता आणि मोबाइलवर बातमी आली. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी जातिभेदविरोधी विधेयकावर, म्हणजे एसबी 403 वर, नकाराधिकार वापरला होता. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग बारावीतल्या एका मुलाने विचारले, "दादा, मतदानात तर आपण जिंकलो होतो ना? मग हरलो कसे?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना आम्ही चाचपडलो. "भांडवलशाही देश आहे, तिथे सगळे पैशावर चालते," असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. एम.ए.ला समाजशास्त्र घेतले, दबावगटांवरची टिपणे परीक्षेपुरती पाठ केली, आणि वेळ आली तेव्हा एका पोराला एका वाक्यात गुंडाळले. त्याची लाज वाटली, म्हणून हा लेख. तो त्या मुलासाठी आहे आणि "आपली बाजू न्यायाची आहे, म्हणजे आपण जिंकणारच" असे मानणाऱ्या आपल्या प्रत्येक कार्यकर्त्यासाठी आहे.

आधी घडले काय ते पाहू. सिनेटर आयेशा वहाब यांनी मांडलेल्या या विधेयकाची मागणी एवढीच होती की भेदभावविरोधी कायद्यात 'जात' हा शब्द स्पष्टपणे यावा. त्यात कोणत्याही धर्माचे नाव नव्हते. मे महिन्यात ते सिनेटमध्ये 34 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झाले. ऑगस्टमध्ये असेंब्लीत 50 विरुद्ध 3. दुरुस्त्यांसह परत आले तेव्हा सप्टेंबरमध्ये सिनेटने पुन्हा 31 विरुद्ध 5 मतांनी मंजुरी दिली. सॅक्रामेंटोत आपले कार्यकर्ते महिनाभर उपोषणाला बसले होते. रविदासिया समाजाची मोठी वस्ती असलेल्या फ्रेस्नो शहराने 28 सप्टेंबरला स्वतःच्या हद्दीत जातिभेदावर बंदीही घातली. त्याआधी फेब्रुवारीत सिएटल शहराने क्षमा सावंत यांच्या पुढाकाराने तोच निर्णय घेतला होता.

एवढे सगळे जमून आले आणि एका सहीवर अडले. तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा दिल्लीहून नेमलेला नसतो, तो लोकांनी निवडून दिलेला असतो. त्याचा नकाराधिकार दोन्ही सभागृहे दोन तृतीयांश मतांनी उलटवू शकतात, पण कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने गेल्या चार दशकांत असे एकदाही केलेले नाही. न्यूसम यांनी कारण दिले की वंश, धर्म, पूर्वजपरंपरा अशा सध्याच्या तरतुदींत जातिभेदाला बंदी आहेच, म्हणून नवा कायदा अनावश्यक आहे.

आमचा सवाल असा. बंदी आहेच, तर शब्द लिहिल्याने कोणाचे काय बिघडणार होते? ज्या शब्दाने काही फरक पडत नाही, तो शब्द कायद्यात येऊ नये म्हणून समोरच्या बाजूने महिनोन्महिने एवढी शिकस्त का केली? कारण त्यांना पक्के ठाऊक आहे की ज्या अन्यायाला कायद्यात नाव नाही, त्याची तक्रार लिहून घ्यायलाही कारकून तयार होत नाही. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

या निकालानंतर आपल्या तरुणांत दोन प्रतिक्रिया उमटल्या आणि आमच्या मते दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली, "अमेरिकेची लोकशाही विकली गेली आहे, तिथे आपले काही होणार नाही." दुसरी, "गव्हर्नर फितूर निघाला, दुसरा आला की होईल." पहिली माणसाला घरी बसवते आणि दुसरी आशेवर झुलवत ठेवते. ती यंत्रणा कशी चालते हे दोघांनाही समजून घ्यायचे नाही.

अमेरिकेत सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क संविधानाच्या पहिल्याच दुरुस्तीत दिलेला आहे. लॉबीचा धंदा कायदेशीरपणे याच हक्कावर उभा आहे. संविधानकर्त्यांपैकी जेम्स मॅडिसन यांनी 1787 मध्येच लिहून ठेवले की गटबाजी ही स्वातंत्र्याची सावली आहे, ती नष्ट करता येणार नाही. देश मोठा असेल, गट पुष्कळ असतील, तर ते एकमेकांना आवर घालतील, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब कागदावर ठीक होता. पण तो मांडणारा माणूस स्वतः गुलामांचा मालक होता. ज्यांना गट करण्याचीच मुभा नव्हती, ते त्याच्या हिशेबात धरलेलेच नव्हते. आपल्याकडची गावगाड्याची 'सर्वसंमती' आठवा. ती नेहमी वेशीच्या आत ठरत असे.

आज ही यंत्रणा अवाढव्य झाली आहे. 1995 च्या कायद्यानुसार लॉबिस्टला नाव नोंदवून दर तीन महिन्यांनी हिशेब द्यावा लागतो. त्या नोंदींप्रमाणे एकट्या वॉशिंग्टनमध्ये बारा हजारांहून अधिक नोंदणीकृत लॉबिस्ट आहेत आणि वर्षाला चार अब्ज डॉलरहून जास्त खर्च होतो. निवडणुकीचा पैसा यात धरलेला नाही. तिथे 1976 च्या बकली निकालाने निवडणुकीतील खर्चाला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण दिले, आणि 21 जानेवारी 2010 च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने, पाच विरुद्ध चार न्यायाधीशांच्या मताने, कंपन्या आणि संघटनांना प्रचारावर स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करण्याची वाट मोकळी केली. ज्याच्याकडे डॉलर जास्त, त्याचे भाषण मोठे!

पण पैसा म्हणजे पाकिटात घालून दिलेली लाच, असे समजाल तर फसाल. पैशाने बहुधा मत विकत मिळत नाही, वेळ विकत मिळतो. दार उघडे राहते, फोन उचलला जातो. लोकप्रतिनिधीकडे कर्मचारी मोजके आणि विधेयके ढीगभर. अशा वेळी लॉबिस्ट तयार टिपण घेऊन येतो, दुरुस्तीचा मसुदा लिहून आणतो, सुनावणीला साक्षीदार पाठवतो. कायदा झाल्यावरही तो थांबत नाही. नियम बनवणाऱ्या खात्यात हरकती नोंदवतो, कोर्टात निवेदन देतो. ज्या दिवशी आपल्या मोर्चाचे फोटो पेपरात छापून येतात, त्याच दिवशी तो तिसऱ्या कलमातला एक शब्द बदलून घेत असतो.

औषध कंपन्यांचे उदाहरण घ्या. 2003 मध्ये अमेरिकेने वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत औषधांचा समावेश केला. त्याच कायद्यात एक कलम घातले गेले की सरकारने औषधांच्या किमतीबाबत कंपन्यांशी घासाघीस करायची नाही. जगातला सर्वात मोठा गिऱ्हाईक, आणि त्याला भाव करायला बंदी! हा कायदा पुढे रेटणाऱ्या समितीचे अध्यक्ष बिली टॉझिन 2005 मध्ये औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. यात बेकायदा काहीच नव्हते. ती अट काही औषधांपुरती सैल व्हायला 2022 साल उजाडावे लागले. एकोणीस वर्षांत किती म्हाताऱ्या माणसांनी गोळ्या अर्ध्या करून खाल्ल्या असतील, याचा विचार करा.

आता असे उदाहरण, जिथे पैशाहून मोठी गोष्ट दिसते. डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूकच्या शाळेत 20 लहान मुले आणि 6 मोठी माणसे गोळीबारात मारली गेली. देश हादरला. बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी, या मागणीला जनमत चाचण्यांत दहातल्या नऊ लोकांचा पाठिंबा होता. 17 एप्रिल 2013 ला सिनेटमध्ये मतदान झाले. बाजूने 54, विरोधात 46. पण सिनेटच्या नियमामुळे 60 मते लागत होती. प्रस्ताव पडला.

दहातले नऊ लोक हरले कसे? राष्ट्रीय रायफल संघटना, म्हणजे एनआरए, ही 1871 मध्ये स्थापन झालेली संघटना. ती प्रत्येक उमेदवाराला शाळेतल्या मुलासारखे 'ए' ते 'एफ' गुण देते. तिचा सदस्य बाकी सगळे विसरतो, पण ते गुण बघून मत देतो. उलट बाजूचे नऊ जण हळहळतात, मेणबत्ती लावतात आणि मत देताना दहा वेगळ्या गोष्टींचा विचार करतात. लोकप्रतिनिधी हे ओळखून असतो. नव्वद टक्क्यांचा राग चार महिन्यांत निवतो, दहा टक्क्यांचा हट्ट चाळीस वर्षे टिकतो.

मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने 1965 मध्ये याचा उलगडा केला होता. ज्या छोट्या गटाचा फायदा मोठा आणि नेमका असतो, तो लवकर संघटित होतो. मोठ्या समूहात प्रत्येकाला वाटते, दुसरा करेल, मला फळ मिळेलच. मार्टिन गिलेन्स आणि बेंजामिन पेज यांनी 2014 मध्ये 1,779 धोरणप्रश्न तपासले आणि निष्कर्ष काढला की श्रीमंत वर्ग आणि संघटित व्यापारी गट यांच्या इच्छेचा धोरणावर ठळक परिणाम दिसतो, सामान्य नागरिकाच्या इच्छेचा स्वतंत्र परिणाम जवळजवळ दिसत नाही. या अभ्यासावर टीका झाली. मध्यमवर्ग आणि श्रीमंत यांची मते बऱ्याच प्रश्नांवर जुळतात, असे काही संशोधकांनी दाखवले. तरी मूळ दुखणे कोणी नाकारलेले नाही. 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत जो विरोधाभास दाखवला होता, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, तो अमेरिकेतही जसाच्या तसा उभा आहे.

मग वंचितांनी तिथे काय केले? हा भाग आपल्या तरुणांनी नीट वाचावा.

कृष्णवर्णीयांची एनएएसीपी ही संघटना 1909 मध्ये उभी राहिली. तिच्या संस्थापकांत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस होते. यांनाच 1946 मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहून, निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती. म्हणजे तिकडचे शोषित गाऱ्हाणे कसे मांडतात, यावर बाबासाहेबांचे लक्ष होते.

1930 मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी जॉन पार्कर यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले. कृष्णवर्णीयांनी राजकारणात भाग घेऊ नये, असे हे गृहस्थ दहा वर्षांपूर्वी प्रचारात बोलून गेले होते. एनएएसीपीने ते जुने भाषण शोधून काढले आणि शाखाशाखांतून सिनेटरांना तारा पाठवल्या. एका निकालामुळे कामगार संघटनाही पार्करांवर चिडलेल्या होत्या, त्याही विरोधात उतरल्या. नियुक्ती 39 विरुद्ध 41 मतांनी फेटाळली गेली. संघटना तिथेच थांबली नाही. पार्करना मत देणाऱ्या सिनेटरांची नावे तिने लक्षात ठेवली आणि पुढच्या निवडणुकांत त्यांच्याविरुद्ध प्रचार केला. ओहायो आणि कॅन्ससचे सिनेटर त्याच वर्षी पडले. दक्षिणेत ज्यांना मतदानकेंद्राची पायरी चढू दिली जात नव्हती, त्या समाजाच्या संघटनेने हे केले.

28 ऑगस्ट 1963 चा वॉशिंग्टनचा मोर्चा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. अडीच लाख लोक, मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण. पण मोर्चा संध्याकाळी घरी गेला आणि नागरी हक्क कायद्यावर सही झाली 2 जुलै 1964 ला. मधले दहा महिने कोणी किल्ला लढवला? क्लॅरेन्स मिचेल यांनी. ते एनएएसीपीच्या वॉशिंग्टन कार्यालयाचे प्रमुख होते. सिनेटमध्ये सदस्य शंभर, म्हणून लोक मिचेलना 'एकशे एकावा सिनेटर' म्हणत.

प्रतिनिधीगृहात दुरुस्त्यांवर जे मतदान होई, त्यात कोणी कुठे मत दिले याची नावानिशी नोंद होत नसे. गॅलरीत बसून लिहून घ्यायलाही मनाई होती. म्हणून नागरी हक्क संघटनांनी माणसे गॅलरीत बसवली. प्रत्येकाने ठराविक चेहरे ओळखायचे, कोण कुठल्या बाजूला गेला ते डोक्यात साठवायचे. आपल्या बाजूचा सदस्य गैरहजर दिसला की त्याला फोन करून बोलावून आणायचे. सिनेटमध्ये विरोधकांनी अडवून धरलेली चर्चा अखेर 10 जून 1964 ला 71 विरुद्ध 29 मतांनी बंद पाडली गेली. हा विजय मोर्चाचा होताच. गॅलरीत बसून चेहरे पाठ करणाऱ्यांचाही तो तेवढाच होता. त्यांचे पुतळे कुठे नाहीत.

आणि एवढे करूनही सगळे मिळत नाही, हेही सांगायला हवे. झुंडबळीविरोधी विधेयक 1922 मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाले होते, सिनेटने ते अडवले. तसा कायदा व्हायला 29 मार्च 2022 उजाडला. शंभर वर्षे! म्हणून आम्ही कोणाला सोपी गोळी देत नाही.

आता परत एसबी 403 कडे. पैसे देऊन नकाराधिकार विकत घेतला, असा पुरावा आमच्याकडे नाही, म्हणून तसा दावाही आम्ही करणार नाही. पण जे उघड आहे ते पुरेसे आहे. विधेयकाला कडवा विरोध करणाऱ्यांत हिंदू अमेरिकन फाउंडेशन ही 2003 पासूनची संस्था होती. कॅलिफोर्नियाच्या पाठ्यपुस्तकांतला मजकूर बदलावा म्हणून तिने 2006 मध्येच राज्याच्या शिक्षण मंडळाला कोर्टात खेचले होते. 2020 मध्ये सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा खटला सरकारी खात्याने दाखल केला, कंपनीने आरोप नाकारले, आणि या संस्थेने पुढे त्या खात्यावरच दावा लावला. म्हणजे आपले विधेयक 2023 मध्ये जन्मले तेव्हा समोरचा पक्ष तिथे वीस वर्षे बसलेला होता. कोणत्या समितीत कोण बसतो, कोणाच्या निवडणुकीला कोण हातभार लावतो, हे त्याला पाठ होते. राष्ट्राध्यक्ष व्हायचे असेल तर विधेयक रोखा, असे आपण न्यूसमना सांगितल्याचे एका भारतीय वंशाच्या बड्या देणगीदाराचे विधान त्या दिवसांत छापून आले होते. हे वाक्य उच्चारायला पोट फुगलेले असावे लागत नाही, दारापर्यंत पोहोच असावी लागते.

"कायदा झाला तर हिंदूंची बदनामी होईल" हा त्यांचा युक्तिवाद. जातीचे नाव घेतल्याने बदनामी होते, जात पाळल्याने होत नाही! सोयीचे तर्कशास्त्र आहे. पण ते ऐकून घेतले गेले, कारण ते सांगणारे रोज तिथे होते.

म्हणून त्या मुलाला आमचे उत्तर असे. बाळा, सभागृहात आपण जिंकलो ते आपल्या बाजूच्या सत्यामुळे आणि रस्त्यावरच्या माणसांमुळे. शेवटच्या दारात हरलो, कारण त्या दारात रोज बसणारे आपले कोणी नव्हते.

काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील, "लॉबी म्हणजे दलाली. आपण आंदोलन करणारी माणसे." त्यांचा राग आम्ही समजू शकतो. समाजाच्या नावावर स्वतःची सेटिंग करणारे आपण पुष्कळ पाहिले. पण सेटिंग बंद खोलीत एका माणसासाठी होते. आम्ही म्हणतो ते काम संघटनेच्या वतीने, लेखी आणि हिशेब देऊन करायचे असते. आणि हे काम परके नाही. 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देणारे बाबासाहेब, 1927 मध्ये महाडच्या तळ्यावर ओंजळ भरणारे बाबासाहेब आणि 1928 मध्ये सायमन आयोगापुढे आकडेवारीसह निवेदन ठेवणारे बाबासाहेब एकच आहेत. आपण महाडचा वारसा मिरवतो. निवेदनाचा वारसा मात्र कपाटात ठेवून दिला.

जयंतीला दारोदार वर्गणी जमते. डीजे येतो, कमान उभी राहते. उत्सवाला आमचा विरोध नाही, तो आपल्या अस्मितेचा दिवस आहे. पण त्याच वर्गणीतून वर्षभर एक माणूस पगारावर ठेवता येईल का, याचा विचार कोणत्या मंडळाने केला? विधेयकाचा मसुदा वाचणारा, शासन निर्णय तपासणारा, अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीचा हिशेब मागणारा, कोणत्या आमदाराने कोणत्या दिवशी तोंड उघडले नाही हे वहीत लिहून ठेवणारा. अमेरिकेतल्या आपल्या बांधवांनाही आमचे हेच सांगणे आहे. विधेयक पुन्हा येईल तेव्हा नव्याने गोळा होऊ नका, आजपासून तिथे बसा. कृष्णवर्णीयांच्या, कामगारांच्या, शीख आणि रविदासिया संघटनांच्या शेजारी बसा. पार्कर एकट्या एनएएसीपीमुळे पडले नव्हते.

त्या अभ्यासवर्गात आता आम्ही एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर आमच्या मतदारसंघाच्या आमदाराचे नाव आहे आणि खाली अधिवेशनाच्या तारखा. वही त्या बारावीतल्या मुलाकडे आहे. तुमच्या वस्तीत अशी वही कोणाकडे आहे?

जय भीम!